एका वाचनामागे एक रुपया

वाचनालयात नोकरी करणाऱ्या बाईला दिवसभर फुकट वाचायला मिळत असेल, असं लोकांना वाटतं. चेन्नईत पश्चिम मांबलमच्या एका खाजगी लायब्ररीत मी बावीस वर्षं काढली आणि या काळात पुस्तकांची सगळ्यात जास्त पानं पाहिली ती शेवटची. पुस्तक परत आलं की शेवटचं पान जागेवर आहे ना, हे आधी बघायचं. रहस्यकथांची शेवटची पानं फार जात. कोण नेत असे आणि कशासाठी, ते मला कधीच कळलं नाही.

हे रेल्वेत होते, म्हणून आम्ही साताऱ्याहून इकडे आलो. तमिळ अक्षरं मी बसच्या आणि दुकानांच्या पाट्यांवरून शिकले. मालक नटेसन सार (सरांना इकडे सार म्हणतात) यांनी मला कामावर घेतलं तेव्हा ते म्हणाले, "तमिळ वाचता येतं, पण तमिळ कादंबऱ्यांचं वेड नाही. म्हणजे तुमचं कामात लक्ष राहील." लायब्ररी त्यांच्या वडिलांनी काढलेली. दोन खोल्या, छतापर्यंत लाकडी फळ्या, एक स्टूल. सभासदाने अनामत ठेवायची, पुस्तक न्यायचं आणि परत आणताना छापील किमतीचा दहावा हिस्सा भाडं द्यायचं. सरकारी ग्रंथालयासारखं फुकट नाही. चेन्नईत तेव्हा गल्लोगल्ली अशा लायब्ररी होत्या आणि दुपारची स्वयंपाकघरं आवरली की बायकांची तिथे रांग लागे.

एक मामी पुस्तक उघडण्याआधी विचारायच्या, "यात कोणी मरतं का?" मरत असेल तर नेत नसत. एक निवृत्त पोस्टमास्तर प्रत्येक कादंबरीतल्या पत्त्यांच्या चुका काढून कागदावर लिहून देत. असल्या माणसांबद्दल सांगत बसले तर अंक पुरणार नाही. मला एकाच बाईबद्दल लिहायचं आहे.

त्याआधी आमच्याकडची एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आमच्या निम्म्या फळ्यांवर रीतसर छापलेली पुस्तकं नव्हतीच. तमिळ साप्ताहिकांतून धारावाहिक कादंबऱ्या येत. घरोघरी लोक ती पानं कापून ठेवत आणि कादंबरी संपली की शिवून पुठ्ठा घालून घेत. त्याला सगळे 'बाइंड' म्हणत. नटेसन सारांचे वडील रद्दीतून असली पानं जमवून त्यांची बाइंडं करवून घेत. बाइंडावर किंमत छापलेली नसते, म्हणून त्याचं भाडं सरसकट पाच रुपये. यातल्या कितीतरी कादंबऱ्या पुस्तक म्हणून कधी छापल्याच गेल्या नाहीत. लेखकाला साप्ताहिकाकडून जे एकदा मिळालं असेल तेवढंच. पुढे ते बाइंड आमच्याकडे वीस-वीस वर्षं घरोघर फिरे, त्यातलं लेखकाला काही जात नसे. हे मी इतकी वर्षं रोज पाहत होते आणि त्यात काही चुकतंय असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. सत्तरीच्या एक बाई तांबरमहून लोकलने आल्या. काटक शरीर, नऊवारी, हातात कापडी पिशवी. त्यांनी 'मरुदाणी' या लेखिकेचं काही आहे का, असं विचारलं. मरुदाणी म्हणजे मेंदी. या टोपणनावाची चार बाइंडं आमच्याकडे होती. त्यांनी अनामत भरली, अर्जावर अंबुजाबाई असं नाव लिहिलं आणि पहिलं बाइंड नेलं.

त्यांचं एकही पुस्तक वेळेवर परत आलं नाही. सात दिवसांची मुदत, त्या तीन-तीन आठवडे लावत. उशिराचे जादा पैसे मोजून देत आणि पुढचं नेत. दुसरं बाइंड परत आलं तेव्हा मी सवयीप्रमाणे पानं चाळली. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. एके ठिकाणी 'थोरली बहीण' खोडून 'धाकटी' केलं होतं. एका पानावर तर चार ओळी लिहिलेली कागदाची पट्टी खळीने चिकटवली होती.

पुस्तकात लिहिल्यास दहा रुपये दंड, अशी पाटी माझ्या डोक्यावरच होती. मी ती बोटाने दाखवली.

"हे तुम्ही केलंत का?"

"हो."

"दंड द्यावा लागेल, अम्मा."

त्यांनी पिशवीतून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि दहा रुपये ठेवले. मी पावती फाडली. तमिळमध्ये त्या एवढंच म्हणाल्या, "खोडरबराने पुसू नका. बरोबर केलंय ते."

महिन्याभराने साताऱ्याहून माझ्या बहिणीचा फोन आला. लायब्ररीच्या फोनवर मी तिच्याशी बोलत होते आणि अंबुजाबाई समोर उभ्या होत्या. मी फोन ठेवला तशा त्या म्हणाल्या, "तुम्ही मराठी बोलतां की काय?"

मी चकित झाले. त्या तंजावरच्या मराठी घरातल्या. तीन-चारशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या लोकांची मराठी त्या बोलत, तमिळ हेल काढून. 'झालं'ला त्या 'जाहलं' म्हणत, 'मला'ऐवजी 'मज', आणि मधूनच 'सेरी', म्हणजे 'ठीक आहे'. कीर्तनकारांच्या तोंडी ऐकलेली भाषा समोरची बाई भाजीचा भाव सांगावा तशी बोलत होती. मी त्यांना स्टुलावर बसवलं, कॉफी मागवली आणि मनात होतं ते विचारून टाकलं.

"बाई, तुम्ही पुस्तकांत दुरुस्त्या का करता?"

त्या कॉफी निववत म्हणाल्या, "माझीच आहेत. चुकीचं छापलं जाहलं, तें मज बघवत नाही."

पाच कादंबऱ्या त्यांनी मरुदाणी या नावाने लिहिल्या होत्या. सासरी लिहिलेलं चालत नव्हतं, म्हणून टोपणनाव. साप्ताहिक दर प्रकरणाला थोडे पैसे पाठवी, ते त्यांच्या भावाच्या पत्त्यावर येत. ते साप्ताहिक बंद पडून बरीच वर्षं झाली होती. नवरा गेल्यावर कुंभकोणमचं घर सोडताना जपून ठेवलेले सगळे अंक नातलगांनी रद्दीत काढले. मूलबाळ नव्हतं. तांबरमला पुतण्याच्या घरी एक खोली त्यांना मिळाली होती. आता एका प्रकाशकाने सगळी संहिता आणून दिली तर छापायचं बघतो, असं म्हटलं होतं. म्हणून त्या आपल्याच कादंबऱ्या आमच्याकडून भाड्याने नेऊन हाताने उतरवून काढत होत्या. झेरॉक्सला द्यायची तर बाइंडाची शिवण उसवावी लागे, आणि पुस्तक आमचं म्हणून त्यांना ते पटत नव्हतं. तीन-तीन आठवडे लागत होते ते यासाठी.

मला दंडाची पावती आठवली. मी म्हणाले, "ते दहा रुपये मी परत करते."

"कशास? नियम तो नियम," त्या म्हणाल्या. "पांचवी कोठें आहे तें सांगा. ती माझी सगळ्यात चांगली."

पाचवीचं नाव त्यांनी सांगितलं. ते बाइंड मला चांगलंच आठवत होतं. मागच्या पुठ्ठ्याला परतीच्या तारखांच्या चिठ्ठीवर चिठ्ठी डकवून ती जाड झाली होती. पानं सुटली होती, कोपरे झिजून गोल झाले होते. वर्षातून एकदा खराब पुस्तकं निवडून काढायची, हे माझं काम. दोन वर्षांपूर्वी मीच ते काढून रद्दीवाल्याच्या ढिगात टाकलं होतं. लोकांनी वाचून वाचून ते मोडलं, आणि मोडलं म्हणून मी फेकलं.

मी खोटं बोलू शकले असते. पण म्हणाले, "बाई, ते मी रद्दीत दिलं."

मग त्यांनी विचारलं, "कितीक जणांनी वाचलं असेल?"

"शंभराच्या वर नक्की. चिठ्ठ्याच तीन होत्या."

"मज वाटलें कोणीच वाचलें नाही," त्या म्हणाल्या. कॉफीचा टंबलर खाली ठेवून त्या पदराने डोळे पुसू लागल्या. त्यांना दुःख कशाचं झालं, पुस्तक गेल्याचं की तीस वर्षं हे न कळल्याचं, ते मला विचारवेना.

पुढच्या खेपेला त्यांनी वर्तमानपत्राचं एक कात्रण आणलं. काही देशांत ग्रंथालयातून पुस्तक वाचायला गेलं की त्याची नोंद होते आणि वर्षाच्या शेवटी सरकार लेखकाला त्याबद्दल पैसे देतं, असं त्यात लिहिलं होतं. वाचकाला काही द्यावं लागत नाही, लेखकाचंही बुडत नाही. "मी काही मागून नाही राहिलें," त्या म्हणाल्या. "पण वाचून बघा." कात्रण घडीवर फाटायला आलं होतं. ते त्यांनी बरेच दिवस जवळ ठेवलेलं असावं.

मी दोन गोष्टी करायला घेतल्या. पहिली, पाचव्या कादंबरीचा शोध. आमच्या जुन्या वह्या मी दुपारच्या वेळी खाली काढल्या आणि पानन्‌पान बघितलं. पूर्वी या कादंबरीचं आणखी एक बाइंड आमच्याकडे होतं, असं त्यात सापडलं. त्याच्यापुढे शेरा होता, 'हरवले, रक्कम भरली.' हा शेरा कसा वाचायचा ते धंद्यातल्या माणसाला कळतं. ज्या पुस्तकात जीव गुंततो तेच पुस्तक हरवतं. नाव होतं सेल्वी, नवरा कोळशाच्या वीज केंद्रात, पत्ता चेन्नईच्या उत्तर टोकाला एन्नोरचा.

एका रविवारी मी गाडी बदलून एन्नोरला गेले. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचा पातळ थर होता आणि सेल्वी ते झटकून आत नेत होती. पन्नाशीची बाई. मी लायब्ररीतून आले म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला.

"पैसे भरले होते मी," ती म्हणाली.

"माहीत आहे. पुस्तक तुझंच आहे. मला फक्त लिहून काढायला हवंय."

"हरवलं ते."

मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि तिला सांगितलं की ज्या बाईने हे लिहिलं तिच्या स्वतःकडे एकही पान नाही. सेल्वीने विचारलं, "मरुदाणी बाई आहे? मला वाटायचं कुणी पुरुष नाव बदलून लिहितो." मग ती आत गेली आणि कपाटातल्या लग्नाच्या साडीखालून ते बाइंड घेऊन आली. नवऱ्याने बोलणं टाकलं होतं त्या वर्षी तिने ते चार वेळा वाचलं होतं. "परत द्याल ना?" असं तिने तीनदा विचारलं. मी माझा पत्ता लिहून दिला. तिने तो बाइंडाच्या जागी साडीखाली ठेवला.

दुसरी गोष्ट मला जड गेली. वह्या खाली काढल्याच होत्या, म्हणून मरुदाणीची पाचही पुस्तकं किती वेळा बाहेर गेली ते मी मोजत होते. नटेसन सारांनी ते पाहिलं.

"हे काय चाललंय, सुमनम्मा?"

मी कात्रण पुढे केलं आणि सगळं सांगितलं. ते उभ्यानेच वाचून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"त्या देशांत सरकार देतं. मी सरकार आहे का? कागद आम्ही रद्दीतून विकत घेतला. शिवण्याचे पैसे दिले. जागेचं भाडं, वीज, तुमचा पगार. टीव्हीवरच्या मालिकांमुळे निम्मे सभासद गेले. आणि तुम्ही माझ्या खुर्चीवर बसून माझ्याविरुद्ध हिशेब करता?"

"विरुद्ध नाही, सार. पण भाडं कशाचं घेतो आपण? कागदाचं घेतो का?"

ते बाहेर निघून गेले. त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतंही नीट बोलले नाहीत. घरी हे म्हणाले, दुसऱ्याच्या धंद्यात तू का पडतेस. नोकरी जाईल असं मलाही वाटत होतं. धाकटीच्या कॉलेजची फी त्या पगारातून जायची.

अंबुजाबाई यायच्या दिवशी सार मुद्दाम थांबले. त्यांना खुर्ची दिली. सार वाईट नव्हते. ते नम्रपणे म्हणाले, "अम्मा, तुम्ही एवढ्या मोठ्या लेखिका आमच्याकडे येता हे आम्हाला माहीत नव्हतं. आजपासून तुम्ही आमच्या आजीव सभासद. अनामत परत, भाडंही नको."

अंबुजाबाईंनी विचार केला. मग तमिळमध्ये, मला नीट ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "फुकट नको. तुमचं दुकान आहे, मी भाडं देईन. तुम्ही मला माझं द्या."

"लोक तुमचं नाव घेतात, अम्मा. वीस वर्षं वाचतायत. हे काय कमी आहे?"

"ते चांगलंच आहे. पण तांदूळवाला नाव सांगून तांदूळ देत नाही. प्रकरण लिहायला मला आठवडा लागायचा. घरची कामं उरकून लिहायची मी, लपून. ते श्रम होते."

सारांनी विचारलं, "मागचं सगळं धरून किती म्हणता?"

"मागचं सोडून द्या. तुमच्या वडिलांशी मी भांडायला येणार नाही. आजपासून, एका वाचनामागे एक रुपया."

त्यांनी जास्त मागितलं असतं तर सार भांडले असते. एवढं कमी ऐकून त्यांची मान खाली गेली. दोन दिवसांनी त्यांनी स्वतः एक नवी वही आणली आणि पहिल्या पानावर तमिळमध्ये 'मरुदाणी' असं लिहिलं.

महिन्याला दहा-बारा रुपये होत, कधी त्याहून कमी. अंबुजाबाई मोजून घेत, आणि सही करताना मरुदाणी अशी करत. या नावाने आयुष्यात पहिल्यांदाच सही करते आहे, असं त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या. त्या पैशांतून त्यांनी कागद घेतले आणि पाचवी कादंबरी उतरवून पुरी केली. सेल्वीचं बाइंड मी एन्नोरला नेऊन दिलं.

पुढे सारांनी आणखी काही हयात लेखकांचे पत्ते शोधले आणि वर्षाला मनिऑर्डरी करायला लागले. एका नावाजलेल्या लेखकाने 'मी भीक घेत नाही' असं लिहून परत पाठवली. सारांना ते फार लागलं. एका लेखकाच्या विधवेने मात्र पोचेसोबत चिठ्ठी पाठवली. आपल्या नवऱ्याचं लिहिणं अजून कोणी नेतं हे तिला मनिऑर्डर घेऊन आलेल्या पोस्टमनकडून कळलं होतं.

पाचवी कादंबरीही छापून झाली तेव्हा अंबुजाबाईंना दिसेनासं झालं होतं. मी तांबरमला जाऊन पाचही पुस्तकं त्यांच्या हातात दिली. त्यांनी पानांवरून बोटं फिरवली आणि पेन्सिलीने दुरुस्त केलेल्या त्या कादंबरीतला एक परिच्छेद मला वाचायला लावला. मी अडखळत वाचला. "धाकटीच म्हटलें ना त्यांनी?" त्यांनी विचारलं. धाकटीच होती.

दोन-तीन वर्षांत लायब्ररी बंद झाली. फळ्या विकल्या गेल्या, तेव्हा सार म्हणाले की मरुदाणीची बाइंडं आणि पाचवीची छापील प्रत लेखिकेलाच नेऊन द्या. मी नेली, पण अंबुजाबाई घेईनात.

"माझ्या खोलीत ठेवून काय करूं? कोण येणार वाचायला? इकडच्या सरकारी ग्रंथालयांत दे."

"तिथे फुकट नेतात, बाई. तुम्हाला काही मिळणार नाही."

"सेरी. लोकांना फुकट मिळूं दे. माझं तें तूं सरकारास विचार."

पुस्तकं मी तिथल्या ग्रंथालयात दिली. नंतर थोड्या महिन्यांनी त्या गेल्या. पुतण्याने मला दहाव्या दिवशी कळवलं.

ते विचारण्याचं काम मी करते. दरवर्षी एक पत्र सरकारी कचेरीला लिहिते. ग्रंथालयातून पुस्तक नेलं की त्याची नोंद होते, त्या नोंदीवरून लेखकाला थोडं तरी द्यावं, एवढंच त्यात असतं. पोच येते. उत्तर अजून आलेलं नाही. लेखिकेला दंड करणारी आणि तिचं पुस्तक रद्दीत टाकणारी बाई आता असली पत्रं लिहिते, याचं मला हसूही येतं आणि लाजही वाटते. पण बावीस वर्षांच्या नोकरीतलं माझं खरं काम कोणतं असं कोणी विचारलं, तर मी ती एक वहीच दाखवीन.

मागच्या पोंगलच्या सणानंतर तांबरमला एका लग्नाच्या बोलण्यांसाठी गेले होते. वेळ होता म्हणून ग्रंथालयात डोकावले. टेबलावरच्या मुलीला पाचव्या कादंबरीचं नाव सांगितलं. तिने रजिस्टर उघडलं.

"बाहेर गेलंय, आंटी. नाव लिहून ठेवू?"

मी हो म्हटलं आणि वाकून बघितलं. माझ्या आधी दोन नावं होती.